कार्मिन तुस्कानोची सातवी बॅच

गोल्फचं मैदान कार्मिन तुस्कानोने आयुष्यात पाहिलेलं नाही. मीही नाही. वसईजवळच्या वालीवमधल्या आमच्या गाळ्यात सतरा माणसं काम करतात, त्यांतल्या एकानेही नाही. तरी गेल्या जानेवारीत आम्ही सगळे गोल्फच्या चेंडूपायी असे काही खुळावलो होतो की विचारू नका. चंदनसारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी जेवताना लिंबू ताटाशेजारी टाकून ते किती उसळतं ते बघायचे. नवरा म्हणायचा, "विनया, लिंबू पिळायचं असतं." मला कुठे शुद्ध होती!

आमचं मनोरमा रबर वर्क्स. मालक हितेशभाईंच्या आईचं नाव मनोरमा, म्हणून. गाडीचे बुश, पंपाचे वायसर, मशीनखालचे पाय, म्हणजे जगात जे कुणाच्या नजरेला पडत नाही ते सगळं आम्ही बनवतो. प्रयोगशाळा माझ्याकडे. प्रयोगशाळा म्हणजे काचेची एक खोली, एक तराजू, चार यंत्रं आणि माझा तोरा. एमएस्सी केलेल्या बाईला थोडा तोरा लागतोच, नाहीतर कुणी विचारत नाही.

कार्मिन काचेच्या पलीकडे, दोन रोलच्या मिलवर. दोन जाड लोखंडी रोल एकमेकांकडे फिरत असतात, मधल्या फटीत रबर घालायचं, ते रोलला लपेटलं की सुरीने कापायचं, गुंडाळायचं, पुन्हा घालायचं, वरून पावडरी सोडायच्या. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं आणि हितेशभाईंनी हात जोडून मला परत काचेच्या खोलीत पाठवलं. कार्मिन चोपन्न वर्षांची, भुईगावची, उंचीने माझ्या खांद्याला लागेल, पण मनगटं अशी की बरणीची झाकणं उघडायला अख्खा गाळा तिच्याकडे जातो. रबर झालं की नाही ते ती बोटाने दाबून सांगते. मी यंत्रावर वीस मिनिटं घालवून तेच सांगते, फक्त आकड्यात.

तिला हे शिकवलं दिनानाथ मास्तरांनी. ते मिक्सिंग मास्तर, ती त्यांची मदतनीस, एकोणीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी मास्तर निवृत्त होऊन गावी गेले. नवीन मास्तर कुणी आला नाही, कारण कामं तर होतच होती, कार्मिन करत होती. फक्त तिच्या ओळखपत्रावर "मदतनीस" तसंच राहिलं. आणि दर बॅचबरोबर एक कार्ड निघतं, त्यावर खाली "मिक्सिंग मास्तर" अशी चौकट असते. ती रिकामी ठेवता येत नाही. म्हणून तीन वर्षं तिथे मी सही ठोकत होते. एकदाही काही वाटलं नाही मला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला चांगली म्हणू नका.

तर डिसेंबरात आमच्याकडे फ्रेडरिक लोपीस आला. हाही भुईगावचाच, कार्मिनच्या शाळेतला. वीस वर्षं आखातात गोल्फच्या मैदानावर गवत, पाणी, चेंडू सगळं सांभाळून परतला आणि आता सरावाचे चेंडू इथेच बनवून विकायचे असं डोक्यात घेऊन बसला. त्याने टेबलावर एक चेंडू ठेवला, दुसरा मधोमध कापलेला. आम्ही सगळे असे वाकून बघायला लागलो की डोक्यावर डोकी आपटली. आत रबराचा घट्ट गोळा, बाहेर चिवट प्लास्टिकचं पांढरं कवच, कवचावर तीनेकशे खळगे.

"खळगे कशाला? वजन वाचवायला?" हितेशभाईंनी विचारलं.

"गुळगुळीत चेंडू हवेत लवकर दमतो," फ्रेडरिक म्हणाला. "खळगे असले की हवा त्याला धरून ठेवते, मागे ओढत नाही. पण कवच माझं मी बघतो. तुम्ही मला आतला गोळा द्या. उसळी सगळी आतल्या गोळ्यात असते."

आतल्या गोळ्याची गंमत अशी. एक खास उसळणारं रबर असतं, पॉलिब्युटाडाईन. ते एकटं असलं तर लाडावलेल्या मुलासारखं, उड्या भरपूर, दम नाही. त्यात झिंक डायअ‍ॅक्रिलेट नावाची पांढरी भुकटी घालायची, चिमूटभर पेरॉक्साईड घालायचं आणि साच्यात तापवायचं. मग रबराचे धागे एकमेकांत असे गुंततात की चेंडूला मारलं तर मारलेलं सगळं तो परत करतो. भुकटी जास्त झाली तर गोळा दगड होतो, कमी झाली तर बटाटा. आणि ती नाकात जाते! पहिल्या दिवशी अख्खा गाळा शिंकत होता. हितेशभाई फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना अकरा वेळा शिंकले आणि पलीकडच्याने त्यांना डॉक्टरचं नाव सुचवलं.

हितेशभाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "बघा, बॉल पास झाला तर गोल्फचं सेक्शन वेगळं. कार्मिनबेन तिथे मास्तर, कार्डवर पण. नाही झाला तर ही जुनी मिल भंगारात. बंद डब्याचं नवीन मशीन घेतो, बटन दाबायचं, काम खतम. मग कार्मिनबेन कटिंगच्या टेबलावर."

कटिंगचं टेबल म्हणजे बसून कात्रीने तयार मालाच्या कडा कापायच्या. काम वाईट नाही, पंखाही आहे. पण कार्मिनचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी वाडी विकायला सांगितली. मला एकटीला म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताला रबर समजतं. कात्री घेऊन मी काय समजू?"

पहिल्या सहा बॅच बटाटा ते दगड यांच्यामध्ये कुठेतरी झाल्या. मी भिंतीला दोन मीटरची नळी उभी बसवली होती, खाली ग्रॅनाईटची लादी. वरून गोळा सोडायचा, किती वर येतो ते मोजायचं. फ्रेडरिकला एक मीटर साठच्या वर हवं होतं. आमचे गोळे एक अठ्ठेचाळीसला येऊन आपले नम्रपणे परत खाली.

आणि मग सातवी बॅच.

तो शनिवार होता. आमची सुट्टी शुक्रवारची, म्हणून शनिवारी सगळे ताजे. मी दुपारी तयार गोळा नळीतून सोडला. तो लादीवर आपटला, नळीतून वर आला, माझ्या खुणा ओलांडून एक मीटर त्रेसष्टवर गेला! मला खोटं वाटलं. दुसरा सोडला, तोही गेला. तिसरा माझ्या हातातूनच सटकला. खोलीच्या दारातून बाहेर, तिथून लोखंडी टेबलावर, टेबलावरून हितेशभाईंच्या चहाच्या कपात, कप खाली, गोळा पंख्याकडे, पंख्याने त्याला सणसणीत टोला दिला आणि तो पत्र्याच्या छतावर आदळून पुन्हा खाली आला. सतरा माणसं डोक्यावर हात धरून टेबलाखाली. गोळा मात्र अजून नाचतोय! शेवटी कार्मिनने रिकामी बादली पालथी घालून त्याला पकडलं. बादली थोडा वेळ आतून टकटक करत राहिली.

हितेशभाई टेबलाखालूनच ओरडले, "पास! हा पास!"

आम्ही नाचलो. खरंच नाचलो, कुणी मोबाईलवर गाणं लावलं आणि पॅकिंगच्या बायकांनी मला मध्ये ओढलं. फक्त कार्मिन नाचली नाही. ती बादलीवर हात ठेवून उभी होती आणि तिचा रंग उडाला होता. मला वाटलं, आनंदाने.

फ्रेडरिकने येऊन गोळा दाबून पाहिला तर आणखी गंमत. "मऊ आहे हा. मऊ असून एवढा उडतो? मला नेमका हाच द्या. अजून तीनदा असाच करून दाखवा, मग समुद्रावर मारून बघू, मग ऑर्डर."

सोपं होतं. कार्ड माझ्याकडे, वजनं माझ्याकडे. आठवी बॅच केली, एक अठ्ठेचाळीस. नववी, एक सत्तेचाळीस. दहावी करताना मी स्वतः तराजूपाशी उभी राहिले, एकेक ग्रॅम डोळ्यांसमोर. एक अठ्ठेचाळीस! रबराचं पोतं बदललं, साच्याची उष्णता पाच अंशांनी वाढवली, कमी केली. मी पुस्तकं काढली. मी नवऱ्यावर ओरडले. अठराव्या बॅचपर्यंत आम्ही जिथे होतो तिथेच होतो आणि सातव्या बॅचचे नऊ गोळे माझ्या ड्रॉवरमध्ये बसून मला वेडावत होते.

कार्मिन दिवसेंदिवस गप्प होत गेली. दर बॅच झाली की तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटायची. त्यांची घरची बोली मला अर्धीच कळते, पण त्यात देवाचं नाव होतं एवढं कळायचं. रोज सकाळी ती केरोसीनने रोल पुसायची, मग साबणाने, मग पुन्हा केरोसीनने. एवढे चकचकीत रोल मी कधी पाहिले नव्हते. मी म्हटलं, कार्मिनबाई, आरसा करताय का? तर डोळ्यांत पाणी!

मग एका सोमवारी भंगारवाला आला. हितेशभाईंनी त्याला मिल दाखवली. त्याने रोलवर बोटाच्या पेराने टकटक केलं, लग्नाच्या मुलीचे दात बघावेत तसा वाकून दातेरी चक्रं बघितली आणि किती किलो भरेल ते तोंडी सांगितलं. कार्मिन बाजूलाच उभी होती. तिने हातातली सुरी खाली ठेवली, सरळ माझ्या काचेच्या खोलीत आली, दार लावलं आणि म्हणाली, "मॅडम, मला कामावरून काढा. मिलला नको. मिलचा काय गुन्हा नाय. सगळं माझ्यामुळे झालंय."

आणि मग ते बाहेर आलं.

त्या शनिवारी, सातव्या बॅचच्या दिवशी, ती पहाटेपासून भाचीच्या घरी फुगे तळत होती. भाची प्रीतल, तिचं दुसऱ्या दिवशी लग्न. वसईतल्या ख्रिस्ती लग्नात फुगे नसले तर ते लग्न लोक मोजत नाहीत. मैदा, अंडी, नारळाचं दूध, ताडीने फुगवलेलं पीठ. ते मुठीत धरायचं, मूठ आवळली की अंगठ्याशेजारून गोल गोळा वर येतो, तो उकळत्या तेलात सोडायचा. पीठ भयंकर चिकट, म्हणून शेजारी खोबरेल तेलाची वाटी. दर दोन-तीन गोळ्यांनी हात तेलात बुडवायचा. कार्मिनने त्या पहाटे सातशे फुगे सोडले होते. तिथून तशीच कामावर आली, जेवणाच्या पिशवीत घरच्या तेलाची बाटली घेऊन, संध्याकाळी परत लागणार म्हणून.

"आणि ती पांढरी पावडर रोलला चिकटायला लागली," ती म्हणाली. "मॅडम, मी विचार पन नाय केला. हातच गेला. चिंधी तेलात बुडवली, रोलला फिरवली. परत चिकटलं, परत फिरवली. माझं डोकं अजून फुग्यातच होतं. भानावर आले तेव्हा समोर तुमची पाटी."

माझी पाटी! मिलच्या वर लाल अक्षरांत मी स्वतः लिहून लावली होती: "रोलला तेल लावण्यास सक्त मनाई. लावणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल." मास्तरांच्या काळात एकाने तेल लावलं, बुशचं रबर लोखंडाला चिकटलंच नाही, सगळा माल परत आला होता. तो माणूस खरंच गेला होता. तेव्हापासून तेल म्हणजे आमच्याकडे महापाप.

"सातवी बॅच देवाच्या दयेने वाचली," कार्मिन रडत म्हणाली, "पन तेल रोलमध्ये मुरलं. म्हणून पुढच्या सगळ्या बॅच मेल्या. मी किती धुतलं, जातच नाय. फादरांकडे कन्फेशन पन केलं. फादर म्हणाले, बाई, मला रबरातलं काय कळत नाही, हे तू तुझ्या मॅडमला जाऊन सांग. तीन आठवडे माझी हिंमत नाय झाली."

मी खुर्चीवरून उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. खोबरेल तेल! त्यातली आम्लं, जस्ताबरोबर होणारा त्यांचा साबण, आणि तो साबण त्या चिकट भुकटीला रबरात सगळीकडे सारखा पसरवणार. म्हणून मऊ, म्हणून उडता! एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं सगळं पुस्तक माझ्या डोळ्यांसमोरून धावत गेलं आणि मी, जिने स्वतःच्या हाताने ती लाल पाटी लिहिली होती, कार्मिनला घट्ट मिठी मारली आणि ओरडले, "अगं बाई, तू तेल पुसत बसलीस! तू तेच पुसत बसलीस!"

तिला वाटलं, मला वेड लागलं. तिने दार उघडून हितेशभाईंना हाक मारली.

आता प्रश्न आला किती तेल. मी वही उघडून विचारलं. ती म्हणाली, "फुग्याच्या हाताला लागतं तेवढं."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"ग्रॅम कोन बघतं फुग्यात?"

मग आम्ही तिला मिलवर उभं केलं, शेजारी तेलाची वाटी तराजूवर ठेवली आणि सांगितलं, विचार करू नका, प्रीतलचं लग्न आहे असं समजा. विचार करू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार! तिचा हात वाटीपाशी येऊन अडायचा. शेवटी पॅकिंगच्या बायकांनी मिलभोवती उभं राहून लग्नातली गाणी धरली. टाळ्या, शिट्ट्या, हितेशभाई डबा वाजवतायत, भंगारवाला जायचा विसरून बाकावर बसून बघतोय. तिसऱ्या गाण्याला कार्मिनही गुणगुणायला लागली आणि हात आपोआप चालू झाला. बॅच संपली तेव्हा वाटीतलं तेल चाळीस ग्रॅमने उतरलं होतं. मी ते लिहिलं आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

एकोणिसावी बॅच, एक मीटर त्रेसष्ट. विसावी, एक बासष्ट. एकविसावी, चौसष्ट! भंगारवाल्याला चहा देऊन पाठवलं.

पण फ्रेडरिकची खरी परीक्षा समुद्रावर होती. त्याने आमच्या गोळ्यांवर कवच चढवलं आणि रविवारी चर्चमधल्या मासनंतर, ओहोटीला, आम्ही सगळे भुईगावच्या किनाऱ्यावर जमलो. कार्मिन मासच्या साडीत, केसांत फूल, चपला हातात. ओली वाळू दूरपर्यंत सपाट पसरलेली. बाजूला सुरूची झाडं, त्यांच्याखाली गावातली निम्मी माणसं. ती बघायला आली होती की फ्रेडरिक आखातातून नेमकं काय शिकून आलाय.

फ्रेडरिकने आधी बाहेरचा महागडा चेंडू मारला. तो सुईएवढा झाला आणि वाळूत पडला. पडलेल्या जागी नारळाची झावळी उभी केली. ती ओलांडायची, नाहीतर ऑर्डर नाही. मग बिनतेलाच्या गोळ्याचा चेंडू, झावळीच्या वीसेक पावलं अलीकडे. हितेशभाईंनी डोळे मिटले. मी कार्मिनचा हात धरला.

"मारू?" फ्रेडरिकने विचारलं.

"मार रे बाबा," कार्मिन म्हणाली. "पन जीव लावून मार."

त्याने मारला. आवाजच वेगळा आला, भरलेल्या नारळावर टिचकी मारल्यासारखा. चेंडू वर गेला, वर गेला, उतरायचं नावच घेईना. एक कुत्रं त्याच्या खालून धावत सुटलं. झावळीच्या वरून चेंडू पुढे गेला, वाळूवर आपटला, पुन्हा उडाला आणि गडगडत पाण्याच्या कडेला जाऊन थांबला. सुरूखालून अशी आरोळी उठली की बगळे उडाले. आणि कार्मिन तुस्कानो, वय वर्षं चोपन्न, हातातल्या चपला फेकून साडी वर खोचून धावत सुटली! कुत्र्याच्या आधी तिला चेंडू गाठायचा होता. गाठलाही. तिथून तिने तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दाखवला, आणि आम्ही इकडे ओरडून ओरडून घसे बसवले.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. मी एकविसाव्या बॅचचं कार्ड बरोबर आणलं होतं. खालची चौकट मी रिकामी ठेवली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. पेन तिच्यापुढे धरलं. म्हटलं, इथे सही करा, मास्तर.

हितेशभाईंनी मान हलवली. फ्रेडरिक वाकून उभा राहिला आणि त्याच्या पाठीवर कार्ड ठेवून तिने सावकाश, पूर्ण नाव लिहिलं: कार्मिन जॉन तुस्कानो. मग शाई वाळेपर्यंत तिने त्यावर फुंकर घातली.

"विनया बाय," ती म्हणाली. मॅडम नाही म्हणाली. "मागची कार्डं आहेत का गो, तीन वर्षांची? ती मीच केलेली. त्यांच्यावर पन सही केली तर चालेल?"

 एवढ्या हसण्याखिदळण्यात मला एकदम रडूच आलं, कारण प्रत्येक कार्डावर माझी सही होती आणि ती तिने रोज पाहिली होती.

सोमवारी मी कपाट उघडून सगळे गठ्ठे काढले. ती माझ्या खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. मी माझी सही खोडायची, ती शेजारी तिची करायची. सातव्या बॅचचं कार्ड आलं तेव्हा मी मालाच्या यादीत शेवटी लिहिलं, "खोबरेल तेल, चाळीस ग्रॅम," आणि तिने त्याच्याखाली सही केली. मिल दुपारपर्यंत बंद राहिली. हितेशभाईंनी स्वतः चहा आणून दिला आणि कधी चालू करणार असं एकदाही विचारलं नाही.